काला अंब आणि चित्रकलेचा तास

अभ्यासक्रम ही वरवर पाहता एक प्रशासकीय वस्तू असते. विषयांची यादी, तासिकांचे वाटप, गुणांचे कोष्टक असे तिचे स्वरूप असते आणि ती तयार करणाऱ्या समित्यांची भाषाही त्याला साजेशी रुक्ष असते. वस्तुतः अभ्यासक्रम म्हणजे एका पिढीने पुढच्या पिढीसंबंधी घेतलेला नैतिक निर्णय होय. जगात जाणण्याजोगे जे अपार आहे त्यापैकी अमुक एका गोष्टीवाचून तुमचे चालणार नाही आणि अमुक एका गोष्टीवाचून चालून जाईल, असे वडीलधारी माणसे त्यातून मुलांना सांगत असतात. मूल या दोन्ही गोष्टी शिकते. शनिवारच्या अखेरच्या तासाला ठेवलेला आणि परीक्षा जवळ आली की गणिताला देऊन टाकलेला चित्रकलेचा तासही काही शिकवीतच असतो. पाहणे, ऐकणे, हाताने काही घडविणे हे माणसाच्या गंभीर उद्योगांपैकी नव्हेत, असे तो शिकवितो. आणि दहा वर्षांच्या नित्य पाठाने हा धडा इतका पक्का होतो, की पुढे कितीही प्रदर्शने पाहिली आणि मैफली ऐकल्या तरी तो पुसला जात नाही.

या निर्णयाचा विचार केवळ तत्त्वांच्या पातळीवर केला तर तो लवकरच सुभाषितांत विरून जातो. म्हणून तो एखाद्या ठिकाणी पाय रोवून करावा असे मला वाटते. असे एक ठिकाण, मराठी माणसाच्या मनात खोल रुतलेले, पानिपत शहरापासून सात-आठ किलोमीटरवर आहे. त्याचे नाव काला अंब. पानिपत जिल्हा आता राजधानी क्षेत्रात मोडतो. दिल्लीहून सकाळी निघालेला मनुष्य काला अंब पाहून दुपारी परतू शकतो. तेथे विटांचा एक स्तंभ आहे, भोवती लोखंडी कुंपण आणि बाग आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊंच्या सैन्याची आणि अहमदशाह अब्दालीच्या फौजांची जी लढाई झाली, तिचे हे स्थळ. येथे आंब्याचे एक झाड होते आणि रणात सांडलेल्या रक्ताने ते काळे पडले, असे सांगतात. झाड केव्हाच गेले; त्याच्या लाकडाचे म्हणून ओळखले जाणारे दार पानिपतच्या संग्रहालयात आहे. अलीकडे दर वर्षी १४ जानेवारीला तेथे शौर्यदिन साजरा होतो. महाराष्ट्रातून माणसे जातात आणि हरियाणातील रोड समाजापैकी जे स्वतःला पानिपतानंतर मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात, तेही जमतात.

समजा, सातवीतल्या एखाद्या मुलाने विचारले, ‘रक्ताने झाड काळे होते का?’ शिक्षकापुढे दोन सोपी उत्तरे असतात. ‘होय, एवढे रक्त सांडले होते’ हे एक. आणि ‘छे, ही दंतकथा आहे, तू तारीख पाठ कर’ हे दुसरे. पहिले उत्तर वनस्पतिशास्त्राशी प्रतारणा करते. दुसरे उत्तर, माझ्या मते, अधिक घातक आहे. कारण जे विधान माहितीच्या स्वरूपाचे नाही त्यात काहीच ज्ञान नसते, अशी समजूत ते मुलाच्या मनात रुजविते. तिसरे उत्तर देण्यासाठी मात्र शिक्षकापाशी एक वेगळे शिक्षण असावे लागते. हे नाव मराठ्यांनी दिलेले नाही आणि अब्दालीनेही दिलेले नाही. ज्यांच्या शेतांवर ही लढाई झाली, ज्यांना नंतर त्याच जमिनीत नांगर घालावा लागला, त्या दोन्ही पक्षांत नसलेल्या माणसांच्या बोलीत ते रुजले आणि टिकले. जे त्यांनी पाहिले ते सांगण्याची दुसरी सोय त्यांच्यापाशी नसावी. लढाईचे कारण त्यांना ठाऊक नव्हते, मृतांची नावे ठाऊक नव्हती. झाड ठाऊक होते. मराठी पराभवाचे पहिले स्मारक कोणा अनामिक हरियाणवी शेतकऱ्यांनी दोन शब्दांत उभारले, असे म्हणण्यास हरकत नसावी. हे मुलाला उमगावयाचे असेल, तर प्रतिमा म्हणजे काय, याची ओळख त्याला इतिहासाच्या तासाला येण्यापूर्वीच झालेली असली पाहिजे. ती करून देण्याचे काम आपल्या शाळेत कोणाचे आहे?

मराठी भाषेनेही हे दुःख अशाच मार्गाने सांभाळले आहे. पेशव्यांना उत्तरेकडे जाताना भेलशाच्या मुक्कामी पानिपताची वार्ता मिळाली ती एका सावकारी पत्रातून. त्या पत्रात मनुष्यहानी मोती, मोहरा आणि खुर्द्याच्या भाषेत सांगितलेली होती. दोन मोती कोणते, हे वाचणाऱ्याला सांगावे लागले नाही. हा व्यापाऱ्यांचा सांकेतिक व्यवहार होता, त्याला वाङ्मय म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तरीही पुढच्या पिढ्यांनी हजारो पत्रांतून नेमके तेच लक्षात ठेवले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. भाऊसाहेबांच्या बखरीतील तपशिलांवर इतिहासकार पूर्ण विश्वास ठेवत नाहीत, आणि तसे करणे योग्यही आहे. त्र्यंबक शंकर शेजवलकरांचा ‘पानिपत : १७६१’ हा ग्रंथ इंग्रजीत १९४६ मध्ये आणि मराठीत १९६१ मध्ये आला; त्याने या लढाईचे राजकीय आणि लष्करी आकलन पालटले. तरी ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार आणि ‘विश्वास पानिपतात गेला’ ही कोटी वापरणारा मनुष्य शेजवलकरांचा वाचक असेलच असे नाही. कोटीतसुद्धा दुःख किती काळ टिकून राहते, याचे याहून चांगले उदाहरण मला आठवत नाही.

याच संदर्भात एका छोट्या मजकुराकडे शाळेचे लक्ष जावे असे मला फार वाटते. पानिपताच्या दिवशी नाना फडणीस अठरा वर्षांचा होता. आई आणि पत्नी यांच्यासह तीर्थयात्रेच्या निमित्ताने तो सैन्याबरोबर उत्तरेत गेलेला. पराभवानंतर तो पळाला, वाचला. आईची ताटातूट झाली ती कायमची. पुढे मराठी राज्याचा सर्वांत चतुर कारभारी झालेल्या या माणसाने आपल्या तारुण्याविषयी आणि त्या पळापळीविषयी एक त्रोटक आत्मकथन लिहून ठेवले आहे. त्यात पराक्रमाचा आव नाही. आपण भ्यालो, वेष बदलला, भुकेने व्याकूळ झालो, हे तो सांगतो. दहावीच्या वर्गात बसलेल्या मुलापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या असलेल्या मुलाचे हे निवेदन आहे. भाषेच्या अभ्यासक्रमात त्याला जागा द्यावी की इतिहासाच्या, याचा निर्णय करता येणार नाही, आणि तेच त्याचे बळ आहे.

वर्गात प्रत्यक्षात काय घडते? ‘पानिपतच्या पराभवाची कारणे लिहा’ हा प्रश्न कित्येक पिढ्यांनी सोडविला आहे. रसद तुटली, बाजारबुणगे फार होते, उत्तरेत मित्र नव्हते; प्रत्येक कारणाला एक गुण. ही कारणे खोटी नाहीत. कारणमीमांसेची सवय लागणे ही मोठीच गोष्ट आहे आणि तिचे मोल मी कमी लेखू इच्छित नाही. त्याच शाळेत स्नेहसंमेलनाच्या दिवशी ध्वनिक्षेपकावर वीरगीत लावून लाकडी तलवारींचा नाच होतो. तोही मुलांना हवासा वाटतो. पण कारणांची यादी आणि तलवारींचा नाच यांच्यामध्ये एक मोठी पोकळी राहून जाते. आपल्या माणसांचा पराभव झाला, तो का झाला हे मला कळले, आणि तरीही त्या हजारो मेलेल्या माणसांचे काय करावे हे मला कळत नाही, ही अवस्था त्या पोकळीत असते. मुलाला त्या अवस्थेत थोडा वेळ थांबण्याची सवय शाळेने दिली नाही, तर ते दोहोंपैकी एकाकडे वळते: औदासीन्याकडे किंवा सूडाकडे. काशीराज पंडित हा दक्षिणी ब्राह्मण शुजाउद्दौल्याच्या पदरी, म्हणजे विरुद्ध छावणीत होता, आणि पानिपताचा मोठा वृत्तान्त त्याने फारसीत लिहिला. विश्वासरावाच्या देहाला अग्निसंस्कार मिळावा म्हणून शुजाने केलेली खटपट त्यात येते. असे तपशील मुलाला कोणत्या तासाला भेटणार?

या ठिकाणी पानिपतातीलच एका माणसाची आठवण होते. अल्ताफ हुसेन हाली. जन्म पानिपत, १८३७. मृत्यू पानिपतातच, १९१४ च्या अखेरीस. गालिबचा शिष्य, ‘मुसद्दस’चा कवी आणि उर्दू समीक्षेचा प्रवर्तक. काही काळ तो लाहोरच्या सरकारी ग्रंथ-भांडारात नोकरीला होता. इंग्रजीतून उर्दूत भाषांतरित झालेल्या शालेय पुस्तकांची भाषा सुधारणे हे त्याचे काम. त्याच लाहोरात १८७४ साली अंजुमन-ए-पंजाबच्या वतीने नव्या धर्तीचे मुशायरे भरले. पंजाबच्या शिक्षणखात्याचे प्रमुख कर्नल हॉलरॉइड यांचा त्यांना पाठिंबा होता. परंपरेने मुशायऱ्यात एक ओळ दिली जाई आणि तिच्या यमकावर कवी गझला रचीत. येथे विषय दिले जाऊ लागले. पावसाळा, आशा, देशप्रेम, न्याय. शाळेत शिकविता येईल अशी कविता हवी, हा त्यामागील एक हेतू होता. म्हणजे अभ्यासक्रमाची गरज कवितेच्या घरात शिरली आणि तिने कवितेचा साचाच बदलला. हालीने या मुशायऱ्यांसाठी पावसाळ्यावर आणि देशप्रेमावर कविता लिहिल्या. पुढे १८९३ मध्ये आपल्या काव्यसंग्रहाला त्याने जी दीर्घ प्रस्तावना लिहिली, तीत कवितेने समाजासाठी काय करावे याचा पहिला व्यवस्थित विचार उर्दूत आला.

हालीचा प्रयोग सफल झाला का? माझे मत असे, की शाळेसाठी म्हणून लिहिली गेलेली बरीचशी कविता शाळेतच राहिली. हालीची स्वतःची त्यातून सुटली, कारण तो विषयामागे गेला. पावसाळा हा विषय त्याला सरकारने दिला होता, पाऊस सरकारने दिलेला नव्हता. परंतु त्याच्यामुळे एक प्रश्न कायमचा उभा राहिला. कला शाळेत आणायची असेल तर शाळेला उपयोगी पडेल अशी करून आणावी लागते. आणि तशी करून आणली की ती कला राहते का?

आपल्याकडे हा प्रश्न निराळ्या वाटेने आला. परशुराम बल्लाळ गोडबोले यांचा ‘नवनीत’ हा मराठी कवितेच्या वेच्यांचा संग्रह १८५४ मध्ये विद्यार्थ्यांसाठी प्रसिद्ध झाला. मराठी काव्याची परंपरा कोणती, हे पुढच्या कित्येक पिढ्यांसाठी या पाठ्यपुस्तकाने ठरविले. ‘वेचा’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. कीर्तनात, भजनात, दळणाच्या वेळी जी कविता आवाजासकट जगत होती, ती येथे वेचून, स्वर काढून, शब्दार्थ जोडून कागदावर ठेवली गेली. यात हानी झाली हे उघड आहे. पण ‘नवनीत’ नसते तर मोरोपंत आणि मुक्तेश्वर किती घरांपर्यंत पोहोचले असते, हेही विचारले पाहिजे. त्यानंतर मराठी समीक्षेने कला आणि जीवन यांच्या संबंधावर पुष्कळ शाई खर्च केली. फडके-खांडेकरांचा वाद झाला, मर्ढेकरांनी लयतत्त्वाचा सिद्धान्त मांडला, रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त साहित्याची संकल्पनाच द्विध्रुवात्मक आहे, तिचा एक ध्रुव लौकिक जीवनात आणि दुसरा त्यापलीकडे आहे, असे दाखविले. या थोर चर्चेत शाळेचा वर्ग क्वचितच दिसतो, ही मला तिची उणीव वाटते. साने गुरुजी हा एक अपवाद. अमळनेरच्या शाळेत शिकविलेल्या या शिक्षकाला टॉल्स्टॉयचा कलाविषयक ग्रंथ मराठीत आणावासा वाटला, यामागे वर्गातील मुले असावीत. टॉल्स्टॉयची भूमिका टोकाची आहे; पण शेतकऱ्याच्या मुलाला जी कळत नाही ती कला कोणाची, हा त्याचा प्रश्न विद्यापीठात जितका सहज टाळता येतो तितका वर्गात टाळता येत नाही.

लाहोरकडे पुन्हा वळू. ज्या हमरस्त्यावर पानिपत आहे तोच पुढे लाहोरला जातो. काला अंबच्या रणानंतर एकशे चाळीस वर्षांनी त्या शहरात एक मराठी गवई राहावयास गेला. विष्णु दिगंबर पलुसकर हे कुरुंदवाडचे. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरात गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. संस्थानिकाच्या आश्रयावर न चालता लोकांच्या वर्गणीवर आणि विद्यार्थ्यांच्या फीवर चालणारी ही संगीतशाळा होती. तेथे वर्ग होते, फळा होता, स्वरलेखन होते, क्रमिक पुस्तके होती, परीक्षा होत्या. गुरूच्या घरी पाणी भरून, वर्षानुवर्षे एकच पलटा घोकून जे मिळे, ते आता इयत्तांमध्ये विभागले गेले. भातखंडे हे पलुसकरांहून अगदी वेगळ्या वृत्तीचे, शास्त्रकार. पण तेही लखनौच्या महाविद्यालयापर्यंत, म्हणजे १९२६ पर्यंत, याच दिशेने गेले. संगीताला अभ्यासक्रम देण्याचे हिंदुस्थानातील सर्वांत मोठे काम दोन मराठी माणसांनी केले, त्यातील बरेचसे महाराष्ट्राबाहेर.

या कामावर टीका पुष्कळ झाली आहे आणि ती निराधार नाही. घंटा झाली की राग थांबतो, ही गोष्ट रागाच्या स्वभावाला मानवणारी नाही. कागदावर उतरलेला स्वर दोन स्वरांमधील मीड सांगू शकत नाही. विशारद झालेल्या शेकडोंपैकी गवई किती झाले, असे उपहासाने विचारले जाते. पलुसकरांच्या नावाने एक उत्तर सांगितले जाते: तानसेन घडविता आले नाहीत तरी कानसेन घडतील. यातील विनोद बाजूला ठेवून विचार केला तर कलाशिक्षणाचे इतके नेमके प्रयोजन क्वचितच सांगितले गेले असेल. भल्या घरच्या मुलींना गाणे शिकता येऊ लागले, ज्याच्या घरी तंबोरा कधी नव्हता अशा कारकुनाच्या मुलाला मारवा आणि पूरिया यांतील फरक कळू लागला, हे त्या घंटेचे आणि त्या फळ्याचे देणे आहे. घराण्याच्या दारात जे कधी शिरू शकले नसते ते शाळेच्या दारातून आत आले. मला हा लाभ त्या हानीहून मोठा वाटतो. संगीताच्या रसिकांपैकी अनेकांना तसे वाटत नाही, हे मी जाणून आहे. परंतु ते बहुधा अशा घरांत जन्मलेले असतात जेथे शाळेवाचूनही गाणे होते.

वर्धा येथे १९३७ साली जी शिक्षणपरिषद भरली तिच्यातून नयी तालीम निघाली आणि हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी आला. त्या योजनेतील टकळीची पुढे जी थट्टा झाली तिने एक गोष्ट झाकून गेली. सेवाग्रामला शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद कलाशिक्षक म्हणून होते, आणि सूत कातणाऱ्या मुलांच्या चित्रांतून शिक्षणाचा पाया कला असावा, या निष्कर्षाला ते आले. ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालविल्या; तेथे साधने विकत आणलेली नव्हती, बिया, पाने, शिंपले आणि माती यांतून ती तयार होत. पानिपत शहर आज दऱ्या, सतरंज्या आणि घोंगड्या विणणारे शहर म्हणून ओळखले जाते. तेथील किती शाळांत विणकराला वर्गावर बोलाविले जात असेल? नक्षीतील पुनरावृत्ती आणि तिच्यातील जाणीवपूर्वक केलेला भंग त्याच्याइतका नीट कोण समजावून सांगेल? मर्ढेकरांच्या संवाद, विरोध आणि समतोल या लयी तो मागावर रोज साधीत असतो.

शासकीय दस्तऐवजांचा इतिहास त्रोटकपणे सांगता येईल, कारण तो बराचसा एकच वाक्य पुन्हा लिहिण्याचा इतिहास आहे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कलाशिक्षणाच्या उपेक्षेची नोंद घेतली. १९८६ च्या धोरणाने सांस्कृतिक अंगावर भर दिला. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत संगीत, नृत्य, दृश्यकला आणि नाट्य यांना अनिवार्य स्थान मागितले. २०२० चे धोरण आणि २०२३ चा शालेय आराखडा यांनी तीच मागणी अधिक जोराने केली. दरम्यान २००९ चा शिक्षणहक्क कायदा आला, आणि त्याच्या परिशिष्टात एक छोटी अट आहे. सहावी ते आठवीच्या शाळेत पटावर शंभरांहून अधिक मुले असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक नेमावेत. ज्या शाळेत साठ मुले आहेत तेथील मुलांना कलाशिक्षकावर कायद्याने हक्क नाही. डोंगरातल्या, तांड्यावरच्या, वाडीवरच्या शाळा साठांच्याच असतात. वर उल्लेखिलेल्या साऱ्या उदात्त वाक्यांपेक्षा ही एक अट आपल्या निर्णयाविषयी अधिक खरे सांगते.

नव्या धोरणांत कलेला आणखी एका मार्गाने आत घेतले आहे. त्याला कला-एकात्मिक अध्ययन म्हणतात. कलेच्या माध्यमातून इतर विषय शिकवावेत, अशी ही कल्पना. चांगल्या शिक्षकाच्या हाती ती फलदायी होऊ शकते, पण बहुधा तिचे काय होते? पानिपताच्या धड्यासाठी थर्मोकोलचे रणमैदान तयार होते, दोन रंगांचे सैनिक चिकटविले जातात, अर्धे काम आई-वडील करतात. कलेने येथे इतिहासाचे ओझे वाहिले; तिने स्वतः काही पाहिले नाही. दुसरा मार्ग गुणांचा. महाराष्ट्रात इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेतील श्रेणीसाठी, तसेच शास्त्रीय कला आणि लोककला यांतील प्रावीण्यासाठी शालान्त परीक्षेत वाढीव गुण मिळतात. त्यामुळे या परीक्षांना बसणारी मुले वाढली तर नवल नाही. या गुणांची चेष्टा करणे मला सोपे आहे, मी ती करणार नाही. ज्या समाजात गुणांवाचून कशालाच अस्तित्व नाही, तेथे शून्य गुणांचा विषय मुलापर्यंत पोहोचतच नाही. मात्र एक विवेक आवश्यक आहे. रंग कसा लावला, रेषा किती सावधपणे पाहून काढली, स्वर लागला की नाही, याला गुण देता येतात. त्या मुलाला काला अंबचे झाड पाहून काय वाटले, याला गुण देता येत नाहीत. आणि जी शाळा तेही मोजू पाहते ती मुलांना भावनेचे नाटक शिकविते. गुणांसाठी व्यक्त केलेला शोक आणि गुणांसाठी व्यक्त केलेला अभिमान हे दोन्ही मी उत्तरपत्रिकांतून पाहिले आहेत. त्यांच्या शब्दांत फारसा फरक नसतो.

येथे एक गंभीर आक्षेप येईल. कलेने माणूस चांगला होतो याला पुरावा काय? रसिक असून क्रूर असलेल्या माणसांची इतिहासात वाण नाही. विसाव्या शतकाच्या युरोपात तर उत्तम संगीत ऐकणाऱ्यांनीच छळछावण्या चालविल्या. प्लेटोने शिक्षणात संगीताला पायाभूत स्थान दिले आणि कवींवर मात्र पहारा बसविला, तो याच भयापोटी. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून शाळेने कलेच्या बदल्यात सद्गुणाचे आश्वासन देऊ नये, असे मी म्हणेन. गणित शिकविताना आपण असे आश्वासन देत नाही. मुलाला संख्यांच्या जगात प्रवेशाचा हक्क आहे, एवढे पुरेसे असते. चित्राच्या, स्वराच्या, नाट्याच्या जगातही त्याला तसाच हक्क आहे. या हक्काचे समर्थन करण्यासाठी कलेने स्मरणशक्ती वाढते, गणितात गती येते, तणाव कमी होतो, अशी जी कारणे हल्ली दिली जातात ती मला दुबळी वाटतात. ती कारणे उद्या खोटी ठरली तर त्या मुलाचा तास काढून घ्यावयाचा काय?

आणि हा हक्क नाकारला जातो तो सर्वांना सारखा नाकारला जात नाही. पुण्या-मुंबईच्या, किंवा दिल्ली-गुडगावच्या सुस्थित घरातील मुलाला शाळेने चित्रकला दिली नाही तरी ते संध्याकाळी क्लासला जाते, रविवारी तबला शिकते, सुटीत नाट्यशिबिराला जाते. शाळेतील रिकामा तास त्याचे काही हिरावून घेत नाही. तो तास साठ पटाच्या शाळेतल्या मुलाचे हिरावून घेतो. त्याच्यापाशी शाळेखेरीज दुसरी जागा नाही. त्याच्या घरी आणि वस्तीवर कला नसते असे मी म्हणत नाही. पुष्कळदा ती तेथेच अधिक जिवंत असते: ढोल असतो, भिंतीवर चौक असतो, आजीच्या ओव्या असतात. पण ज्याला शाळा ज्ञान म्हणत नाही त्याची मुलाला लाज वाटू लागते. शाळेत कलेचा तास नसण्याने त्याचे दुहेरी नुकसान होते: नवे मिळत नाही आणि असलेले हलके ठरते. अनिवार्य केलेली कला निर्जीव होईल, या भीतीपायी ती ऐच्छिक ठेवावी, असे म्हणणारे माझे काही मित्र आहेत. त्यांची भीती खरी आहे. तरीही पलुसकरांच्या घंटेप्रमाणे हा धोका पत्करावा, या बाजूचा मी आहे.

पानिपताचा धडा तीन तासांचा करता येईल. एका तासाला शिक्षकाने नकाशा मांडावा, कारणे सांगावीत, शेजवलकरांचे म्हणणे सोपे करून सांगावे. दुसऱ्या तासाला बखरीतील एक प्रसंग आणि नाना फडणिसाच्या आत्मकथनातील पळापळीचा भाग मोठ्याने वाचावा. वाचून झाल्यावर लगेच प्रश्न विचारू नयेत. तिसऱ्या तासाला मुलांना शाळेच्या आवारातील एक झाड पाहू द्यावे, अर्धा तास, आणि मग ते काळे असते तर कसे दिसले असते ते काढू द्यावे. काळ्यातही किती रंग असतात, हे ज्याला कोळशाने काढता येते असा कोणी त्या तासाला हवा. हरियाणातल्या शाळेत हे तीन तास घेतले तर दुसऱ्या तासाचा मजकूर बदलेल, हालीचे थोडे येईल, पळून आलेल्या मराठ्यांना वाटेत कोणी आसरा दिला याच्या तिकडे चालत आलेल्या गोष्टी येतील. झाड दोन्हीकडे आंब्याचे असू शकेल. साधनसामग्रीचा खर्च म्हणावा तर कागद आणि कोळसा. अडचण येते ती तिसऱ्या तासाच्या शिक्षकाची. साठ मुलांच्या शाळेत तो नेमलेला नाही, आणि वर्गावर जे गुरुजी किंवा बाई आहेत त्यांच्या स्वतःच्या शाळेत चित्रकलेचा तास गणिताला गेलेला होता.